रकाना

मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीच्या फाटकासमोर
आम्ही अकराजण बसलोय सतरंजीवर.
सतरंजी इर्शाद शिकलगारच्या मेव्हण्याच्या मंडपाची,
एका कोपऱ्यात अजून अक्षता चिकटलेल्या.

आत सेटवर इनामदारांचं घर रिकामं आहे.
प्लायवूडचं देवघर, प्लॅस्टिकची तुळस,
आणि थोरली सून, जिला मी गेल्या बुधवारी
चहाचा ट्रे घेऊन दारात उभं केलं,
ती तिथंच.
आत सासरा कुणाशी काय बोलला
ते तिनं ऐकलं की नाही, मलाही माहीत नाही.
लिहिलं असतं तर कळलं असतं.

मागणी दोन ओळींची.
उत्कर्षा मगदूमनं ती सातदा खोडून लिहिली,
संवाद जड झाला की खोडायची सवयच तिला:
टीव्हीवर एकदा दाखवलंत, एकदा पैसे दिलेत.
मोबाइलवर रोज दाखवता, त्याचं काय?

करारात उत्तर आहे, बारीक अक्षरात:
सर्व माध्यमे, ज्ञात आणि अज्ञात, कायमस्वरूपी.
शिलालेखावर चंद्र-सूर्य कोरायचे, तसंच हे.
फक्त तिथं जमीन मिळायची.

खरं सांगू? हा हिशेब मला लहानपणापासून येतो.
दहावीच्या सुट्टीत शाहूपुरीत
मामाच्या कॅसेट लायब्ररीत बसायचो मी.
लाल रेघांची वही:
सभासद क्रमांक, सिनेमा, नेली, आणली, दहा रुपये.
उशीर झाला तर आणखी पाच.
रिवाइंड न करता आणली तर दोन रुपये दंड.
त्या दोन रुपयांसाठी मी वकिलीणबाईंशी भांडलोय.
त्यांच्या सासूबाईंना एकच सिनेमा लागायचा,
रडायला.
तीन वर्षांत एकशे चौदा वेळा गेली ती कॅसेट.
मामानं फ्रीज घेतला.

वहीत सगळं होतं.
तो सिनेमा कुणी लिहिला
याला रकाना नव्हता.
आणि रकाने मीच आखायचो,
पट्टीनं.

काल रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो.
आनंदा धार काढत होता,
किटलीला टेकवलेला मोबाइल,
त्यात भाग दोनशे बारा. माझा.
सासरा थोरलीला म्हणतो:
"नवं पायतान करकरतंच, पोरी. चालत ऱ्हा, गप हुतंय."
आनंदा खदखदून हसला, म्हशीनं पाय हलवला.
"ह्यो डायलॉग पंचवीस येळा तरी बगितला आसंल!"

पंचवीस.
माझं डोकं लगेच गुणाकाराला लागलं.

मग मी त्याला संपाचं सांगितलं.
ग्लास माझ्या हातात देत म्हणाला,
"आमचं बरं हाय. पिलं की ग्लास संपला.
तुमचा ग्लास संपतच न्हाई,
आन पैसं मातर पयल्या घोटाचं."
फेस ओठांना लागेपर्यंत मी गप्प.
तीस रुपये घेतलेच त्यानं.

घरी येताना ते वाक्य सोबत आलं, करकरत.
माझं नव्हतंच ते.
सुभाषनगरातल्या दुकानात
वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे,
अंगठ्यावर तेल चोळून देताना.
भागाचे पैसे आले तेव्हा त्यांना जाऊन
अकरा महिने झाले होते.
मी त्या पैशांचं प्रिंटर घेतलं.

वही काढली. पट्टी सापडेना,
लाइटबिलाच्या कडेनं रेघा मारल्या:
भाग, तारीख, किती वेळा पाहिला, लेखक.
शेवटी एक अरुंद रकाना उरला.
त्याच्यावर काय लिहायचं ते सुचलं नाही,
आणि कोराही ठेववेना.
एक बारीक टिंब दिलं.

आज नववा दिवस.
निर्मात्याची गाडी आली, काच न उतरवता आत गेली.
फाटकावरचे घाटगे उन्हं कलल्यावर
खुर्ची ओढत आमच्याजवळ आले,
इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले:
"मिसेसनं इचारलंय. थोरलीनं ऐकलं काय ओ?"

उत्कर्षानं पेनाचं टोपण लावलं.
"ऐकलं," ती म्हणाली,
"सगळं ऐकलं तिनं.
पण आता सांगायचे पैसे पडतील."